वाटाण्याचा वेल आणि पाच भागीदार

(पडद्यावर काळोख. मातीची कुंडी. हळूहळू एक अंकुर दिसू लागतो.)

साल १९१२. कुंडीत वाटाणा पेरलाय आणि समोर कॅमेरा रोवलाय. रोज थोडं चित्रण करायचं, थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिनाभर हाच उद्योग. मग पडद्यावर तो वाटाणा माती सारून डोकं वर काढतो आणि बघता बघता त्याचा वेल होतो.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळक्यांना सिनेमासाठी भांडवल हवं होतं. सिनेमा काढतात कसा, हेच ठाऊक नसलेल्या सावकाराला आकडेमोड काय दाखवणार? त्यांनी वाटाणा दाखवला.

त्याआधी त्यांचा छापखान्याचा धंदा बरा चालला होता. पण भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीत ते त्यातून बाहेर पडले. पुढे गिरगावात तंबूतल्या पडद्यावर ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि राम-कृष्ण असेच हलताना दिसायला हवेत, हे डोक्यात बसलं. झोप टाकून फिल्मच बघत सुटले. काही काळ दिसेनासं झालं, उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून दहा हजार उभे केले, लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. आज कुणी असं केलं, तर घरचे आधी डॉक्टरकडे नेतील.

(रात्र. कंदिलाचा तांबडा उजेड. बाईचे हात.)

हे हात सरस्वतीबाईंचे, म्हणजे फाळक्यांच्या पत्नीचे. कच्ची फिल्म कोरी यायची, कॅमेऱ्यात ती पुढं सरकायला लागणारी कडेची भोकं नसायची. ती भोकं काळोखात, यंत्रावर एकेक करून पाडायची. दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं, रात्री फिल्म. दागिनेही गहाण पडले. स्वप्न फाळक्यांचं, हे खरं; पण त्याचं व्याज कुणी भरलं, ते या हातांना विचारा.

३ मे १९१३. मुंबईचं कोरोनेशन थिएटर. ‘राजा हरिश्चंद्र’. लांबी ३,७०० फूट. तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नाही, म्हणून अण्णा साळुंके नावाचा हॉटेलातला आचारी लुगडं नेसून उभा राहिला.

(नाशिक. जुन्या वाड्यांच्या भिंती.)

१९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले. तिथंच राहून चित्रपट काढायच्या मागण्या आल्या. ते परतले. पाठोपाठ महायुद्ध पेटलं आणि पैसा देणारे हात आखडले. १९१७ च्या ‘लंका दहन’नं दिवस पालटले. चिल्लर बैलगाडीतून न्यावी लागली असं सांगतात. सांगणाऱ्यांनी थोडं मीठमसाला घातला असेलही.

१९१८. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी. पाच भागीदारांचा पैसा, फाळक्यांचं काम. इथून खटके सुरू झाले. एवढा खर्च कशाला? एवढे दिवस का? भागीदारांचंही चुकत नव्हतं. पैसा त्यांचा होता. पण वाटाण्यापुढं महिनाभर बसणारा माणूस ‘लवकर आटपा’ कसं ऐकणार? कंपनी चालत असताना त्यांनी राजीनामा दिला आणि कुटुंबाला घेऊन काशी गाठली. तिथं त्यांनी नाटक लिहिलं, ‘रंगभूमी’.

छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा ते परत वळले नव्हते. इथं वळले. काही वर्षांनी त्याच कंपनीत येऊन चित्रपट काढत राहिले. आम्हाला काशीला जाण्यापेक्षा हे परत येणं जास्त अवघड वाटतं.

बोलपट आले. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. तो शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये ते गेले.

(जुनी, ओरखडे पडलेली चित्रफीत.)

चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवायला त्यांनी एक छोटी फीत काढली होती. तिचा काही भाग उरलाय, तोच हा. फाळके स्वतः पडद्यावर आहेत. हातात फिल्मची पट्टी. ती डोळ्यांजवळ नेऊन बघताहेत.

(आवाज बंद. चित्र चालू राहतं.)