कुर्त्याचा कोपरा

ठाण्यातल्या नौपाड्यातली जुनी इमारत, दुपारचे तीन. गोखले रोडवरचे हॉर्न वरपर्यंत ऐकू येतात. खिडकीशी मशीन मांडून माझी मावशी गडद निळा सुती कुर्ता शिवते आहे. कापड जांभळी नाक्याच्या बाजारातलं. आणलं त्याच दिवशी तिने ते बादलीत भिजवलं, वाळवलं, मग बेतलं. नाहीतर सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, पॉलिएस्टरचा दोरा आटत नाही, आणि चांगल्या शिवलेल्या दुमडीलाही चुण्या पडतात.

आता ही जागा बघा. खालची दुमड आणि बाजूच्या कटची दुमड इथे भेटतात. काठ दोनदा दुमडलेला, म्हणून दुमडीत कापडाचे तीन पदर असतात. दुमडीवर दुमड चढली की कोपऱ्यात नऊ होतात. सुई अडते, टाके सुटतात, टोकाला गोळा येतो. दुकानात कुर्ता हातात घेतला की मी हल्ली आधी हा कोपराच उलटून बघते.

मावशी इथे मशीनआधी इस्त्री घेते. अर्ध्या सेंटीमीटरची लहान दुमड, मग दोन सेंटीमीटरची मोठी. खाली आणि कटला अगदी सारखीच. मग ती सगळं उलगडते. रेषा कापडावर उमटलेल्या राहतात. मोठ्या दुमडीच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात, त्या बिंदूवरून कोपरा तिरपा आत वळवायचा आणि पुन्हा इस्त्री. तो उलगडून, सुलट बाजू समोरासमोर येईल असा कोपरा दुमडायचा आणि त्या तिरप्या रेषेवर टीप मारायची.

"लहान दुमडीच्या रेषेशी थांब गं. काठापर्यंत गेलीस तर ती दुमड आत वळायची नाही."

थांबायचं कुठे, हे कळायला मला दोन कोपरे उसवावे लागले.

टिपेपासून अर्धा सेंटीमीटर ठेवून टोक छाटलं, शिलाई उघडून इस्त्री केली, कोपरा सुलट केला. टोक बाहेर काढायला मावशी विणायची सुई उलटी धरते. कात्रीचं टोक कापडातून आरपार जातं.

शेवटी हाताने तुरपाई, एकेरी दोऱ्याने. वरच्या कापडाचे एक-दोन धागेच सुईवर घ्यायचे, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही. टाके जवळजवळ हवेत. लांब टाका बांगडीत अडकतो.

एका कुर्त्याला असे चार कोपरे, पुढे दोन, मागे दोन. तीन झालेत. पण दिवेलागण झाली, निळ्या कापडावर निळा दोरा दिसेनासा झाला. चौथ्या कोपऱ्याला टाचणी लावून मावशी कुर्त्याची घडी घालते.