व्हेर्नेंच्या घरातली आजी

मित्रहो, आज बोलायचं आहे ते फ्रेंच राजदरबाराच्या चित्रकारांविषयी आणि रहस्यकथेच्या जन्माविषयी. हे दोन विषय एका पंगतीला कसे काय बसवले, असं निमंत्रणपत्रिका वाचून तुम्हाला वाटलं असेल. त्यात दोष माझा नाही, शेरलॉक होम्सचा आहे.

१८९३ साली आलेल्या ग्रीक दुभाष्याच्या कथेत होम्स पहिल्यांदाच आपल्या घराण्याविषयी तोंड उघडतो. उन्हाळ्यातली संध्याकाळ आहे, चहा झालाय, गप्पा कुठल्या कुठे भरकटल्यात. वॉटसन म्हणतो, तुझी ही निरीक्षणशक्ती म्हणजे सरावाचं फळ असणार. होम्स म्हणतो, काही अंशी. माझे पूर्वज गावाकडचे जमीनदार, पण हे वळण रक्तातच आहे. ते बहुधा माझ्या आजीकडून आलं असावं. ती फ्रेंच चित्रकार व्हेर्ने याची बहीण होती. आणि वर पुस्ती जोडतो, की कला रक्तात असली म्हणजे ती काय काय रूपं घेईल सांगता येत नाही.

पुढच्याच क्षणी तो मायक्रॉफ्ट या थोरल्या भावाचं नाव काढतो आणि सगळे वाचक त्याच्या मागे धावतात. मी मात्र आजीपाशीच अडकलो. व्हेर्ने म्हणजे कुठला व्हेर्ने? कारण चित्रकार व्हेर्ने एक नव्हता. आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या होत्या, आणि तिन्ही नामांकित.

आजोबा क्लोद-जोझेफ, जन्म १७१४, अविन्योंचे. समुद्र रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १७५३ साली पंधराव्या लुईच्या दरबाराने त्यांच्यावर कामगिरी सोपवली: राज्यातली बंदरं रंगवा. पुढची दहाएक वर्षं हा माणूस बायकापोरांसकट मार्सेय, तुलों, बोर्दो, ला रोशेल, दिएप असा फिरत राहिला आणि पंधरा मोठी चित्रं काढून झाली. दरबाराला नुसता सुंदर समुद्र नको होता. कुठल्या बंदरात काय चालतं, लोक कसे दिसतात, कसला माल येतो-जातो हे त्यात दिसायला हवं होतं. म्हणून बांदोलच्या चित्रात ट्यूनाची मासेमारी आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर राजाने कलेच्या नावाखाली पाहणी अहवाल मागवला होता.

मुलगा कार्ल घोड्यांचा चित्रकार. त्याच्याविषयी एवढंच पुरे.

राजाच्या मर्जीतल्या कलावंतांना तेव्हा लुव्रच्या राजवाड्यात बिऱ्हाडं मिळत. त्याच बिऱ्हाडात ३० जून १७८९ रोजी कार्लला मुलगा झाला, ओरास. पंधरा दिवसांत बास्तीयचा तुरुंग-किल्ला पडला आणि क्रांती पेटली. डिसेंबरात आजोबा गेले, तेही लुव्रमध्येच. एका घराने एकाच वर्षात जन्म, मरण आणि क्रांती पाहिली.

आता आजी शोधू. कार्लची बहीण एमिली ही वास्तुकार शाल्ग्रॅंची बायको. पॅरिसच्या विजयकमानीचा आराखडा ज्याचा, तोच हा शाल्ग्रॅं. जुलै १७९४ मध्ये एमिलीचं डोकं गिलोटिनखाली गेलं, आणि काही दिवसांतच त्या गिलोटिनराज्याचा सूत्रधार रोबेस्पिएर याचीही सत्ता संपली. थोडं आधी झालं असतं तर ती वाचली असती. त्या धक्क्याने कार्लने काही काळ कुंचला खाली ठेवला. ओरासची बहीण कामिय हिने इपोलित लकोंत नावाच्या चित्रकाराशी लग्न केलं. त्यांच्या चित्रकार मुलाने पुढे आजोळचं आडनाव आपल्या नावात घेतलं. म्हणजे एक आजी वधस्तंभावर गेली आणि दुसरी चित्रकारांतच राहिली. इंग्लंडातल्या जमीनदाराच्या घरी यातली एकही नांदायला गेली नाही. होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल याने वंशावळ तपासली नसावी. त्याला एक आडनाव हवं होतं, तेवढं त्याने उचललं.

पण वयाचा हिशेब ओरासकडेच बोट दाखवतो. १९१४ साली घडणाऱ्या कथेत होम्स साठीचा आहे, म्हणजे जन्म १८५४च्या आसपासचा. माझंही मत ओरासच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण वयापेक्षा वेगळं आहे.

हा ओरास रेषेचा भलताच पक्का. एकदा पाहिलेलं विसरत नसे. लढाया, सैनिक, घोडे, गणवेश हे त्याचं राज्य. १८२२ साली सरकारी प्रदर्शनाने त्याची काही चित्रं नाकारली. कारण काय, तर सैनिकांच्या टोप्यांवर तिरंगी फुलं होती. बूर्बों राजे परत आलेले, तिरंगा म्हणजे क्रांतीची खूण! परीक्षकांनी अख्खी लढाई सोडून टोपीवरचं बोटभर फूल पाहिलं. पठ्ठ्याने चित्रं आपल्याच स्टुडिओत मांडली आणि लोक लोटले. १८३९च्या शरद ऋतूत तो इजिप्तला गेला, तेव्हा सोबत दागेरोटाइपचा, म्हणजे छायाचित्रणाच्या अगदी पहिल्या तंत्राचा, कॅमेरा होता. हे तंत्र जाहीर होऊन काही महिनेच झाले होते.

मग आलं 'स्माला'. अल्जेरियात १८४३ साली फ्रेंच फौजेने त्यांच्याशी लढणाऱ्या अब्द अल-कादिरच्या फिरत्या छावणीवर छापा घातला, त्याचं हे चित्र. राजा लुई-फिलिपच्या मुलाचा पराक्रम असल्यामुळे दरबाराचा खर्च आणि दरबाराचीच वाहवा. लांबी एकवीस मीटरच्या वर, उंची पाच मीटरच्या आत-बाहेर. वर्सायला ते अजून आहे. त्याच्यासमोर उभं राहून ते एका नजरेत मावत नाही, चालत चालत पाहावं लागतं. इथे उलटलेला तंबू, तिथे बुजलेले उंट, पुढे कोणी पळतंय. प्रत्येक तुकडा खणखणीत आहे. पण सगळं मिळून एक चित्र होतं का?

नाही होत, असं एका चोवीस वर्षांच्या समीक्षकाने १८४५ साली लिहिलं. त्याचं नाव शार्ल बोदलेर. पुढच्या वर्षीच्या लेखात तर, या माणसाचा मला तिटकारा आहे, असं तो सरळ म्हणतो. त्या लेखातले काही शब्द या सभागृहात उच्चारण्याजोगे नाहीत. पण आपल्या कामाची ओळ निराळीच आहे. बोदलेर म्हणतो, व्हेर्नेत दोन गुण आहेत: आवेग मुळीच नाही, आणि स्मरणशक्ती पंचांगासारखी! कुठल्या गणवेशाला किती बटणं, मैलोन्‌मैल तुडवून बूट कसा ढेपाळतो, शस्त्राचं पितळ पट्ट्याला कुठे घासतं आणि तिथे हिरवट डाग कुठे पडतो, हे याच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक आहे?

आता ही यादी डोळे मिटून पुन्हा आठवा. ढेपाळलेला बूट, पट्ट्यावरचा डाग, बटणांची संख्या. बेकर स्ट्रीटवर जिना चढून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला होम्स हेच तर सांगतो! बोदलेरने शिवी दिली आणि चाळीस वर्षांनी इंग्लंडात ती कोणीतरी पदवी म्हणून मिरवली. (झुंजार आणि काळापहाड वाचून मोठी झालेली मंडळी समोर बरीच दिसताहेत. अर्णाळकरांच्या नायकांना बटणं मोजायला सवड नसे, हे मान्य.)

गंमत इथे संपत नाही. हाच बोदलेर पुढे एडगर अॅलन पोचा फ्रेंच अनुवादक झाला. पोने १८४१ साली रू मोर्गच्या खुनांची कथा लिहिली आणि रहस्यकथेचा पाया घातला, असं सगळेच मानतात. पो अमेरिकन, फ्रान्समध्ये कधी पाऊल न टाकलेला, आणि कथा घडते पॅरिसात. कारण गुन्हा आणि पॅरिस ही जोडी विदोकने जगभर पोचवली होती. अरासचा हा भुरटा चोर, तुरुंग फोडून पळणारा, १८११च्या सुमारास पोलिसांच्या गुप्त तुकडीचा प्रमुख झाला आणि १८२८ साली त्याच्या आठवणी छापून आल्या.

पोचा नायक द्युपॅं या विदोकविषयी काय म्हणतो पाहा. अंदाज बांधण्यात हुशार, चिकाटीचा, पण वस्तू डोळ्यांच्या फार जवळ धरायचा. मग एक-दोन बारकावे लख्ख दिसायचे आणि सगळं प्रकरण नजरेतून निसटायचं. पुढे तो आकाशातल्या ताऱ्याचा दाखला देतो: थेट रोखून पाहिलं तर अंधुक होतो, जरा तिरकं पाहिलं तर उजळ दिसतो.

बोदलेरने व्हेर्नेवर ठेवलेला दुसरा आरोप नेमका हाच होता: एकसंधता नाही, नुसते प्रसंग. ही वाक्यं फ्रेंचमध्ये आणताना त्याला 'स्माला' आठवलं असेल का, हे कोण सांगणार? पण चित्राचा न्याय आणि तपासाचा न्याय एकाच माणसाच्या टेबलावर, दहा वर्षांच्या अंतराने, एकाच मापाने झाला एवढं खरं. बटणं मोजता आली पाहिजेत आणि चार पावलं मागेही सरता आलं पाहिजे. द्युपॅंकडे दुसरी विद्या होती, ओरासकडे पहिली. होम्स आजी सांगतो ओरासकडची, आणि पोच्या द्युपॅंला पहिल्याच पुस्तकात सामान्य ठरवून मोकळा होतो. आपल्या खऱ्या गुरूचं ऋण नाकारायची खोड कलावंतांत जुनीच.

डॉइलला चित्रकार आजी सुचली यात नवल नाही. त्याचे आजोबा जॉन डॉइल गाजलेले व्यंगचित्रकार, काका रिचर्डने 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचं मुखपृष्ठ काढलेलं, आणि वडील चार्ल्स यांनी होम्सच्या पहिल्या पुस्तकाच्या १८८८च्या आवृत्तीसाठी चित्रं काढली. त्या चित्रांत होम्सला चक्क दाढी आहे! कला रक्तात असली की काय काय रूपं घेते, ते वाक्य लिहिताना डॉइलला घरचेच चेहरे दिसत असणार.

जाता जाता आणखी एक चित्र. शेवटच्या होम्स कादंबरीत इन्स्पेक्टर मॅकडोनाल्ड मोरियार्टीला, म्हणजे वरून प्राध्यापक आणि आतून गुन्हेगारांचा म्होरक्या असलेल्या होम्सच्या वैऱ्याला, भेटून आलेला असतो. प्राध्यापक महाशयांनी त्याला दिवा आणि पृथ्वीचा गोल घेऊन ग्रहण कसं लागतं ते समजावलं, आणि तो भारावून गेलाय. होम्स विचारतो, त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर चित्र होतं, पाहिलंत? मॅकडोनाल्ड म्हणतो, पाहिलं की. हातांवर डोकं टेकून तिरकं बघणारी एक तरुण मुलगी. होम्स सांगतो, ते ग्रझचं आहे. ग्रझ हा अठराव्या शतकातला, पॅरिसच्या राजेशाही अकादमीचा चित्रकार. इन्स्पेक्टर घड्याळाकडे बघायला लागतो, त्याला खुनाचं काम पडलंय, चित्रकलेचा तास नको आहे. मग होम्स हळूच विचारतो: प्राध्यापकाचा पगार वर्षाला सातशे पौंड. ग्रझ भिंतीवर आला कुठून?

मॅकडोनाल्ड ग्रहण शिकून आला होता.