फील्डिंग योस्ट: क्रीडासंचालकाचा हिशेब

मिशिगन विद्यापीठाने १९२१ मध्ये फील्डिंग योस्टला क्रीडासंचालक नेमलं, तेव्हा प्रशिक्षक म्हणून त्याचं नाव आधीच गाजलेलं होतं. १९०१ ते १९०५ या पाच हंगामांत त्याच्या अमेरिकन फुटबॉल संघाने ५७ पैकी ५५ सामने जिंकले, एक बरोबरीत सुटला आणि एक हरला. गुण केले २,८२१, दिले अवघे ४२. योस्टवर बोलणारे बहुतेक जण इथेच रमतात. आज मला बोलायचं आहे ते त्यानंतरच्या वीस वर्षांवर. सामने ठरवायचे, करार करायचे, तिकिटं विकायची, प्रशिक्षक नेमायचे आणि आलेल्या पैशातून काय बांधायचं ते ठरवायचं, असं ते खुर्चीतलं काम होतं.

योस्ट वकिलीचं शिक्षण घेतलेला होता आणि जलविद्युत, सिमेंट अशा उद्योगांतही वावरलेला होता. म्हणजे काँक्रीट आणि कर्ज या दोन्ही गोष्टी त्याला कळत होत्या. पुढच्या सगळ्या गोष्टींत हे दिसतं.

तेव्हाचं फेरी फील्ड जेमतेम ४५ हजार प्रेक्षकांचं होतं आणि मोठ्या सामन्याला तिकिटांच्या मागण्या परत पाठवाव्या लागत. योस्टला लाखाच्या पुढचं स्टेडियम हवं होतं. अध्यापकांना धास्ती वेगळीच होती, की शिक्षणसंस्था बाजूला राहील आणि तमाशा मोठा होईल. डीन एडमंड डे यांच्या समितीने १९२६ च्या सुरुवातीला जो अहवाल दिला, तो मला आजही शहाणपणाचा वाटतो. स्टेडियम बांधा, पण साधं बांधा, शोभेवर पैसा घालू नका. क्रीडा नियामक मंडळावर अध्यापकांचं बहुमत ठेवा. आणि सर्वसामान्य विद्यार्थ्यांच्या खेळांची सोय वाढवा. योस्टने या अटी मान्य केल्या. त्यातली एकही त्याच्या आराखड्याच्या आड येत नव्हती, हे त्याने ओळखलं होतं. एप्रिल १९२६ मध्ये रीजंट मंडळाने, म्हणजे विद्यापीठाच्या सर्वोच्च नियामक मंडळाने, मंजुरी दिली.

आता पैसा. करदात्यांचा एक डॉलरही घ्यायचा नाही, असं ठरलं. प्रत्येकी ५०० डॉलरचे ३,००० कर्जरोखे काढले, म्हणजे १५ लाख डॉलर. व्याज फक्त ३ टक्के. एवढ्या कमी व्याजावर रोखे घेणार कोण? खरा मोबदला व्याजात नव्हताच. रोखेधारकाला दहा वर्षं मोक्याच्या जागेची तिकिटं विकत घेण्याचा हक्क मिळत होता. फुकट तिकीट नाही, विकत घेण्याचा हक्क! त्यामुळे तिकीटविक्रीचं उत्पन्न कमी झालं नाही आणि दहा वर्षांचं गिऱ्हाईक आधीच बांधलं गेलं. आपल्याकडे महाविद्यालयाचा खेळ बहुधा जिमखाना फीवर चालतो, म्हणून ही रचना नीट पाहण्यासारखी आहे. तिचा धोकाही उघड आहे. सगळा भार एका खेळाच्या गर्दीवर. १९३० नंतर मंदी आली, प्रेक्षक घटले आणि रोख्यांची परतफेड रखडली.

बांधकामात खर्च वाचवला तो उताराने. वाडग्यासारख्या या स्टेडियमचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जमिनीखाली नेला. प्रेक्षक जमिनीच्या पातळीवरून वरच्या काठाशी शिरतो आणि खाली उतरतो. त्यामुळे उंच खांब, जिने आणि चढ-उताराचे रस्ते वाचले. अडचण आली पाण्याची. जागा ओढ्याच्या खोऱ्यातली, भूजल वर, माती ठिकठिकाणी भुसभुशीत. खोदताना पाणी लागलं, आणि हवं तेवढं खोल जाता आलं नाही. एकूण खर्च सुमारे साडेनऊ लाख डॉलर. ४४ विभाग, ७२ रांगा, ७२ हजार जागा. त्यावर योस्टने लाकडी बाकांच्या रांगा चढवल्या. २२ ऑक्टोबर १९२७ ला ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्ध औपचारिक उद्घाटनाचा सामना झाला, तेव्हा ८४,४०१ प्रेक्षक होते.

त्याचा सर्वांत दूरदर्शी निर्णय मात्र प्रेक्षकाला दिसलाच नाही. पुढे लाखाच्या वर क्षमता नेता यावी म्हणून त्याने पाया आधीच तेवढा भार पेलेल असा घालून घेतला. वाढीचा पाया नंतर घालायचा तर उभी बैठक तोडावी लागते. १९५६ मध्ये त्याचा उत्तराधिकारी फ्रिट्झ क्रायस्लर याने क्षमता १,०१,००१ केली, ती याच तरतुदीमुळे. ती जागा दर सामन्याला भरायला आणखी वेळ लागला. डॉन कॅनहम १९६८ मध्ये संचालक झाला आणि त्याने जाहिरातीचा धडाका लावला. ८ नोव्हेंबर १९७५ पासून, कोविडचा २०२० चा हंगाम सोडला तर, तिथे लाखाखाली गर्दी उतरलेली नाही.

स्टेडियमपेक्षाही महत्त्वाची इमारत माझ्या मते १९२८ ची आहे. संघात नसलेल्या साध्या विद्यार्थ्यांच्या आंतरवर्गीय खेळांसाठी अमेरिकेतल्या विद्यापीठात बांधलेली ती पहिली स्वतंत्र इमारत. एल्मर मिचेल हा त्या खेळांचा प्रमुख. गोल्फचं मैदान १९३१ मध्ये आलं. त्याआधी १९२३ मध्ये बंदिस्त सरावगृह उभं राहिलं होतं, त्याला योस्टचंच नाव दिलं गेलं. १९७३ पासून तिथे आइस हॉकी खेळतात.

याच खुर्चीतून १९३४ चा प्रसंग घडला. जॉर्जिया टेकशी सामना ठरवला होता. तो संघ वर्णभेद पाळणाऱ्या अमेरिकी दक्षिणेतला, कृष्णवर्णीय खेळाडूविरुद्ध उतरणार नाही हे सर्वांना ठाऊक. मिशिगनच्या संघात विलिस वॉर्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. जॉर्जिया टेककडून बरेच महिने आधी पत्र लिहून वॉर्डबद्दल विचारणा झाली होती. करार मोडायला किंवा वॉर्डला न खेळवण्याची अट धुडकावायला वेळ होता. योस्टने ते केलं नाही. विद्यार्थ्यांनी विरोध सुरू केला, तर त्यांच्यात घुसून बातम्या काढायला त्याने पिंकर्टन कंपनीचा गुप्तहेर नेमला. २० ऑक्टोबरला वॉर्डला बाहेर बसवलं, मोबदल्यात समोरच्यांनीही एक खेळाडू बसवला. मिशिगन ९-२ जिंकलं. त्या हंगामातला तो एकमेव विजय. योस्ट प्रशिक्षक होता त्या सगळ्या वर्षांत त्याच्या फुटबॉल संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, हे लक्षात घेतलं की १९३४ ची गोष्ट अपघात वाटत नाही.

विद्यापीठाच्या इतिहासविषयक समितीने २०२१ मध्ये हे सारं तपासून सरावगृहावरचं योस्टचं नाव काढावं, अशी एकमताने शिफारस केली. स्टेडियमला मात्र सुरुवातीपासून कुणाचंच नाव दिलेलं नाही. मिशिगन स्टेडियम, एवढंच. त्यामुळे तो वाद तिथवर पोहोचलाच नाही.