दुसऱ्या तासाची गाडी

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'ग्रँड टूरर गाडीची टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी'. समोर बघतोय तर निम्मे चेहरे पिंपरी-चाकणचे, ओळखीचे. त्यामुळे व्हीलबेस म्हणजे काय इथून सुरुवात करायला नको. मी तेहतीस वर्षं सस्पेन्शनमध्ये, म्हणजे गाडीचे धक्के झेलणाऱ्या भागांत, काढली. आधी ट्रकचे पाटे, मग जीपचे शॉकअप, शेवटची दहा वर्षं मोटारी. गाडी चार लाखांची असो की चार कोटींची, मी आधी वाकून चाकामागे बघतो, मग बॉनेटकडे.

माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो, कारण बोलायला लागलो की मी आडवळणाला जातो. जीटी, म्हणजे ग्रँड टूरर गाडी, दुसऱ्या तासात कळते. आपल्याकडे ती वीस मिनिटांत दाखवतात आणि घेणारा त्या वीस मिनिटांवर निर्णय करतो. त्या गाडीवर कुणीतरी पाच-सहा वर्षं घाम गाळलेला असतो आणि त्यातलं बहुतेक काम ग्राहकापर्यंत पोहोचतच नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता हे जीटी म्हणजे काय? सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या खानदानी घरांतली मुलं शिक्षण उरकलं की महिनोन्‌महिने युरोप हिंडायची. पॅरिस, मग आल्प्स ओलांडून फ्लोरेन्स, रोम. त्या फेरीला ग्रँड टूर म्हणत. इटालियन लोकांनी तेच नाव मोटारीला दिलं, ग्रान तुरिस्मो. म्हणजे नावातच प्रवास आहे. शर्यतीची गाडी ट्रकवर चढवून शर्यतीच्या जागी नेतात. जीटी स्वतःच्या चाकांवर जाते, माणसांना आणि सामानाला घेऊन जाते आणि पोहोचल्यावर माणसं जेवायला बसण्याच्या अवस्थेत असतात.

माझी लाडकी जीटी सांगतो. लान्चिया ऑरेलिया बी-२०, साल १९५१. इंजिन दोन लिटरचं, ताकद पंचाहत्तर हॉर्सपॉवर. आज आपल्या सोसायटीत उभ्या असलेल्या छोट्या हॅचबॅकची जवळपास तेवढीच असते. त्याच वर्षी ही गाडी मिले मिलिया शर्यतीत उतरली. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत, हजार मैल, सगळे साधे रस्ते, घाट, गावं. तिच्या पुढे एकच गाडी आली, दुपटीहून मोठ्या इंजिनाची फेरारी. बाकी सगळ्या मागे. हे ताकदीवर जमलेलं नव्हतं. लान्चियाच्या लोकांनी गिअरबॉक्स आणि क्लच पुढून उचलून मागच्या अ‍ॅक्सलला नेले. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे, म्हणजे कावडीसारखं वजन दोन्हीकडे वाटलं गेलं. शिवाय व्ही-सिक्स इंजिन, सहा सिलिंडर तीन-तीन करून व्ही आकारात मांडलेले, म्हणून आखूड आणि आटोपशीर. विक्रीच्या गाडीत व्ही-सिक्स पहिल्यांदा त्यांनीच घातलं. बहात्तर वर्षांनी, २०२३ साली, अ‍ॅस्टन मार्टिनने डीबी-१२ काढली. व्ही-एट इंजिन, ६८० हॉर्सपॉवर, पण मांडणी तीच. इंजिन पुढे, आठ गिअरांचा डबा मागे. फेरारी रोमाही तशीच. चांगली कल्पना अशी टिकते.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. तो चाकणला सुटे भाग बनवतो. पंचवीस वर्षं राबलाय, आता त्याला स्वतःसाठी एक गाडी घ्यायची आहे. मला त्याचं कौतुक आहे. फोन आला, "मामा, शनिवारी मोकळे आहात का? गाडी बघायला तुम्ही हवेत." गाडी मुंबईहून ट्रकवर आली होती, फक्त दोन दिवसांसाठी. कुठल्या कंपनीची आणि कुणी आणली ते सांगत नाही, कारण तक्रार पद्धतीची आहे.

बाणेरला पोहोचलो. गाडी देखणी होती, लांब बॉनेट, मागे उतरत गेलेलं छप्पर. बरोबर एक तरुण मुलगा होता, हुशार आणि नम्र. त्याने सगळं पाठ केलेलं. मी विचारलं, "रूट कोणता?" म्हणाला, "सर, बाणेर रोडने हायवेपर्यंत, सर्व्हिस रोडने वळून परत. वीस मिनिटं." मी म्हटलं, घाट? म्हणाला, "सर, घाटाची परवानगी नाहीये." मग थोडा मोकळा रस्ता दिसल्याबरोबर तो भाच्याला म्हणाला, "सर, आता दाबा!"

भाच्याने दाबलं. पाठ सीटला चिकटली, पोटात गोळा आला, आणि लगेच पुढे रिक्षा आली म्हणून ब्रेक. मंडळी, हिशोब करा. शंभराच्या वेगाला पोहोचायला साडेतीन सेकंद धरा. तेवढ्यात गाडी साधारण पन्नास मीटर जाते. शनिवारी सकाळी बाणेर रस्त्यावर सलग पन्नास मीटर मोकळे कुणाला मिळालेत का? हात वर करा. (हशा) एकही नाही. म्हणजे या गाडीचं जे एकच दाखवायचं ठरवलं, ते दाखवायला जागाच नाही. आणि जे दाखवायला पुण्यात जागाच जागा आहे, म्हणजे खराब रस्ता, ते कुणी दाखवत नाही.

पण मला दाखवलं एका गल्लीने. हायवेजवळ कोंडी होती म्हणून त्या मुलाने आतून वळायला सांगितलं. गल्लीत गतिरोधक. मुलगा म्हणाला, "सर, तिरकी घ्या." भाच्याने तिरकी घेतली, अगदी मुंगीच्या पावलांनी. पुढची चाकं उतरली आणि मग पोटाखालून तो आवाज आला. खर्रर्र. तो आवाज माझ्या छातीत गेला. भाचा पांढरा पडला, तो मुलगाही. समोरच्या फाटकात एक आजी भाजी निवडत बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "काही वाटून घेऊ नका, इथे रोज सगळ्यांचीच घासते."

मी खाली उतरलो. माझ्या पिशवीत मोजपट्टी असतेच, सवय आहे. गतिरोधकाची उंची भरली सतरा सेंटिमीटर आणि रुंदी पाऊण मीटर. तो गतिरोधक नव्हता, तो बांध होता. शेताला घालतात तसा.

इथे मला थांबून बोलायचंच आहे. अध्यक्ष महाराज घड्याळ बघताहेत, पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. गतिरोधक कसा असावा याची इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं १९८८ पासून आहेत. गोलसर उंचवटा, रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर. त्यावरून पंचवीसच्या वेगाने सुखाने जाता यावं, ही अपेक्षा. त्या रात्री घरी मी गणित मांडलं. गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २.८ मीटर धरा आणि जमिनीपासून पोट बारा सेंटिमीटर, कारण अशा गाड्या साधारण एवढ्याच खाली असतात. दोन्ही चाकं त्या १७ मीटरच्या कमानीवर असताना मधला फुगवटा पोटाकडे येतो फक्त पावणेसहा सेंटिमीटर. निम्म्याहून जास्त जागा शिल्लक राहते! चढताना नाकाचंही तेच. पुढचं चाक उंचवट्याच्या काठाला टेकलं, तेव्हा त्याच्यापुढे नव्वद सेंटिमीटरवर असलेल्या बंपरखाली उंचवटा साडेसात सेंटिमीटरच आलेला असतो. तिथेही घासत नाही. म्हणजे जगातल्या बऱ्याचशा ठेंगण्या गाड्या आपल्या नियमातल्या गतिरोधकावरून न घासता जातात. नियम करणाऱ्यांनी उत्तम काम केलंय. मग डांबराचं उरलेलं घमेलं रस्त्यावर ओततो कोण?

आणि हे मी चार कोटींच्या गाडीसाठी बोलत नाहीये. ज्या बांधावर ती गाडी घासते, त्याच बांधावरून मांडीचं हाड मोडलेला माणूस ॲम्ब्युलन्समधून जातो. त्याच बांधावरून सातव्या महिन्यातली बाई स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात जाते. माणसाचं धड उभ्या धक्क्यांपैकी सेकंदाला चार ते आठ वेळा येणारे धक्के सर्वांत कमी सहन करतं. यावर आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, आमच्या विभागात ती भिंतीवर लावलेली असत. म्हणून चांगल्या मोटारीचं शरीर स्प्रिंगवर सेकंदाला एक-दीड वेळा हलेल असं ठरवतात. ती लय चालणाऱ्या माणसाच्या लयीजवळची आहे आणि तिची शरीराला जन्मापासून सवय असते. आखूड, उंच बांधाचा फटका या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतो. स्प्रिंग शेवटच्या रबरावर आपटते आणि मग गाडी कितीची आहे याला अर्थ उरत नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत म्हणे. बरं, मग मूळ विषय भराभर सांगतो.

टेस्ट ड्राइव्ह मागा ती चार-पाच तासांची. पहाटे साडेपाचला निघा. माझा रस्ता ठरलेला आहे. कात्रजचा नवा बोगदा, खेड-शिवापूर, खंबाटकी चढून सुरूर फाटा, वाई, पसरणीचा घाट, पाचगणी आणि परत. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर. याला नाही म्हटलं तर म्हणावं, पैसे देऊन गाडी भाड्याने द्या. तेही नाही म्हटलं तर घाई करू नका, गाड्या कुठे पळून जात नाहीत.

पहिल्या तासात फक्त सवय करा. सीट, आरसे, मागचं दिसणं. जीटीचं छप्पर मागे उतरतं, त्यामुळे मागची काच लहान असते, हे जमतंय का बघा. दुसऱ्या तासात हायवेवर एक गोष्ट तपासा. रस्त्याच्या सांध्यावरून पुढचं चाक जातं, मग मागचं. शंभराच्या वेगाला त्या दोन धक्क्यांत एक दशांश सेकंदाचं अंतर असतं, चाळीसला पाव सेकंदाचं. मॉरिस ओली नावाच्या अभियंत्याने १९३० च्या दशकात अमेरिकेत दाखवून दिलं की मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा थोडी जलद हलणारी ठेवली तर मागची बाजू पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी डुलायच्या ऐवजी सपाट राहते. पण हे एका ठरावीक वेगाला चांगलं जमतं. म्हणून चाळीस, साठ, ऐंशी, शंभर, चारही वेगांना बघा. वीस मिनिटांत हे होणे नाही.

घाट चढताना इंजिन बघाल, ते सगळेच बघतात. खरी परीक्षा उतरताना. पाचगणी ते वाई सुमारे साडेपाचशे मीटरचा उतार आहे. गाडी आणि माणसं मिळून दोन टन धरा. खाली येताना जी ऊर्जा जिरवायची ती जवळजवळ तीन युनिट वीज झाली. तुमच्या घरचा दोन किलोवॉटचा गीझर दीड तास चालवलात तर जेवढी उष्णता होईल, तेवढी त्या बारा-तेरा किलोमीटरमध्ये. वाऱ्याला आणि टायरला जाते ती सोडून बाकीची एकतर इंजिनने रोखायची, नाहीतर ब्रेकच्या चकत्यांनी. म्हणून गिअर खाली घ्या. गिअरबॉक्स तुमचं ऐकतो का, की आपल्या मनाने वर टाकतो? वाईत पोहोचल्यावर ब्रेकचं पेडल पहिल्यासारखंच घट्ट आहे का, की पाय खोल जातोय? आता बेंटलेची कॉन्टिनेन्टल जीटी स्पीड हायब्रिड झालीय, ७८२ हॉर्सपॉवर आणि २५.९ किलोवॉट-तासांची बॅटरी. उतारावरची काही ऊर्जा ती बॅटरीत परत घेते. पण गाडीचं वजन अडीच टनांच्या घरात गेलंय, म्हणजे जिरवायची ऊर्जाही वाढली. दोन्ही बाजू ध्यानात घ्या.

आणि शेजारी माणूस न्या. एकट्याने जीटी बघायची नाही. भाच्याने शेवटी ओळखीच्याची तशीच गाडी एका सकाळपुरती मिळवली. मी त्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, पुढे बसवलं आणि मी मागे अंग चोरून बसलो. ताईची कंबर गेली बारा वर्षं दुखते. एसटीने साताऱ्याला गेली तर दोन दिवस अंथरुणाला खिळते. खंबाटकी चढून गेल्यावर तिचं बोलणं थांबलं. मला काळजी वाटली, वाकून बघितलं तर झोपली होती. पसरणीच्या वळणांत तिची मान एका बाजूला कलंडत होती, पण डोळे उघडले नाहीत. पाचगणीला दार उघडलं तेव्हा ती कुणाचा हात न धरता उतरली आणि म्हणाली, "वाई कधी गेली रे?" भाचा माझ्याकडे बघायला लागला. इंजिनबद्दल त्याने मला पुढे एक शब्द विचारला नाही.

वेळ झाली. एवढंच राहिलं. बाणेर, पाषाण, औंध आणि कोथरूड मिळून सव्वीस गतिरोधकांची मापं मी वहीत उतरवली आहेत, उंची, रुंदी आणि जागा. वही इथे टेबलावर ठेवतो. ज्यांच्या गल्लीतला असेल त्यांनी चहाच्या वेळी उतरवून घ्या आणि ज्यांच्या गल्लीतला नसेल त्यांच्यासाठी मोजपट्टी माझ्या पिशवीत आहे.