नगरभवनातून दिवाणखान्यात: आर्ने याकोबसेन यांची घड्याळे

श्रोतेहो, नमस्कार.

वास्तुशांतीला किंवा सेवानिवृत्तीच्या समारंभात भिंतीवरचे घड्याळ भेट देण्याची आपली रीत तुमच्या परिचयाची असेल. तबकडीवर काट्यांच्या आड ‘सप्रेम भेट’ ही अक्षरे आणि त्याखाली देणाऱ्या कुटुंबाचे नाव, अशी तीन घड्याळे माझ्या लहानपणी आमच्या माजघरात शेजारी शेजारी टांगलेली होती. तिन्हींची वेळ वेगळी असे आणि वडील मधल्या घड्याळावर विश्वास ठेवत. आज मी ज्या डॅनिश घड्याळांविषयी बोलणार आहे, तीही आता घराच्या सजावटीसाठी आणि भेट म्हणून विकली जातात. मात्र त्यांच्यातली तीन प्रसिद्ध घड्याळे मुळात कोणाच्या घरासाठी नव्हे, तर दोन नगरभवने आणि एका बँकेसाठी रेखाटली गेली. ती निवडताना हे मूळ लक्षात असलेले बरे, असे माझे मत आहे.

ही घड्याळे आर्ने याकोबसेन यांची. १९०२ साली कोपनहेगनमध्ये जन्मलेले याकोबसेन पेशाने वास्तुविशारद होते, आणि इमारत रेखाटली की तिच्यातली खुर्ची, दिवा, दाराची मूठ, प्रसंगी जेवणाचे काटे-चमचेसुद्धा आपणच रेखाटायचे, असा त्यांचा हट्ट असे. त्यांचे पहिले गाजलेले घड्याळ मात्र घरगुती होते: १९३९ साली लॉरिट्झ नुडसेन या डॅनिश विद्युत कंपनीसाठी केलेले टेबलावरचे गजराचे घड्याळ. हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. १९३८ साली मुंबईत हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश अभियंत्यांनी स्थापन केलेल्या लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा, म्हणजे वीजपुरवठा चालू-बंद आणि नियंत्रित करणाऱ्या उपकरणांचा, व्यवसाय पुढे श्नायडर इलेक्ट्रिकने विकत घेतला, आणि २०२४ मध्ये त्याला हेच जुने डॅनिश नाव देण्यात आले. आपल्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत आणि डॅनिश संग्राहकाच्या उशाशी एकच नाव असावे, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते.

पण खरी हकीकत आहे ती डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरातली. तिथल्या नगरभवनाची स्पर्धा याकोबसेन आणि एरिक म्योलर यांनी १९३७ साली जिंकली. त्यांच्या आराखड्यात मनोरा नव्हताच. आधुनिक इमारतीला मनोऱ्याचे शोभेचे शेपूट कशाला, असा विचार त्यामागे असावा. शहरातले लोक मात्र बिथरले. नगरभवन म्हटले की मनोरा हवा आणि मनोऱ्यावर सगळ्या गावाला दिसणारे घड्याळ हवे, असा आग्रह इतका वाढला की दोघांना नमते घ्यावे लागले. त्यांनी साठ मीटर उंचीचा मनोरा उभारला, आणि इमारतीला नॉर्वेहून आणलेल्या संगमरवराचे आच्छादन दिले. मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या तबकडीचा व्यास सुमारे सात मीटर आहे. २ जून १९४१ रोजी, म्हणजे डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना, या इमारतीचे उद्घाटन झाले. याच नगरभवनाशी जोडलेले, रोमन आकड्यांचे भिंतीवरचे घड्याळ आज ‘रोमन’ या नावाने मिळते. ज्या शहराने वास्तुविशारदांवर मनोरा लादला, त्याच शहरामुळे ते आपल्या दिवाणखान्यात आले, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे दोनच वर्षांनी, १९४३ मध्ये, याकोबसेन यांना देश सोडावा लागला. ते ज्यू कुळातले होते. वल्ह्यांच्या छोट्या होडीतून, दिव्यांच्या रचनेसाठी विख्यात असलेले पोल हेनिंगसेन आणि दोघांच्या पत्नी यांच्यासह, त्यांनी ओरेसुंडची सामुद्रधुनी ओलांडून स्वीडन गाठले. युद्ध संपेपर्यंत त्यांनी तिथे कापडाच्या आणि भिंतीच्या कागदाच्या नक्ष्या काढून दिवस काढले.

परतल्यानंतरचे त्यांचे काम अधिकाधिक कोरडे, रेखीव होत गेले. कोपनहेगनजवळच्या रॉडोव्हरचे नगरभवन १९५६ साली पूर्ण झाले, आणि त्याच्यासाठीच्या घड्याळावर एकही आकडा राहिला नाही, नुसत्या रेषा राहिल्या. त्या इमारतीच्या काचेच्या लांबलचक, सपाट भिंती डोळ्यांसमोर आणल्या की या रेषा कुठून आल्या ते कळते.

रेडिओवरून घड्याळ दाखवता येत नाही, म्हणून शेवटचे घड्याळ मी शब्दांतच चितारून दाखवतो. डेन्मार्कच्या राष्ट्रीय बँकेच्या कोपनहेगनमधील इमारतीसाठी केलेल्या या ‘बँकर्स’ घड्याळात प्रत्येक तासाच्या जागी बारा लहान चौकटींची एक ओळ आहे आणि त्या ओळीतली एकच चौकट भरीव आहे. ही भरीव चौकट प्रत्येक पुढच्या तासाच्या ओळीत एक घर सरकलेली असते. त्यामुळे बारा ओळी मिळून तबकडीवर एक वळसा उमटतो, अगदी साच्यातून पडू लागलेल्या चकलीसारखा. याकोबसेन मार्च १९७१ मध्ये वारले. त्या वर्षी बँकेचा पहिलाच टप्पा पुरा झाला होता. इमारत १९७८ मध्ये त्यांच्या कार्यालयातल्या दोन सहकाऱ्यांनी पूर्ण केली.

आता ही घड्याळे सेलवर चालणाऱ्या क्वार्ट्झ यंत्रासह मिळतात, आणि भिंतीवरच्या घड्याळांचे व्यास सोळा, एकवीस, एकोणतीस आणि अठ्ठेचाळीस सेंटिमीटर असे आहेत. भेट देणाऱ्याने आधी भिंत पाहावी. सोळा सेंटिमीटरचे घड्याळ अभ्यासाच्या मेजाच्या वर भिंतीवर टांगल्यास देखणे दिसते, पण मोठ्या दिवाणखान्यात ते भिंतीवर चिकटलेल्या बटणासारखे भासते. तिथे अठ्ठेचाळीसचेच हवे, आणि त्याच्या आजूबाजूला तसबिरींची गर्दी नको, कारण ही तबकडी मोकळ्या भिंतीसाठीच कल्पिलेली आहे. जाता जाता एक सूचना: चहूबाजूंनी रंगीत गोळे असलेले घड्याळही पुष्कळदा ‘डॅनिश’ म्हणून खपवले जाते, ते मूळचे अमेरिकेतल्या जॉर्ज नेल्सन यांच्या कार्यालयातले आहे.

आणखी एक गोष्ट भेट देताना विचारात घ्यावी, ती म्हणजे त्या घड्याळात वेळ कोण पाहणार आहे. आमच्याकडे माझ्या धाकट्या भावाने ‘बँकर्स’ आणले, तेव्हा आईने पहिल्याच दिवशी सांगून टाकले की वेळ सांगायला आता एक माणूस ठेवा. महिनाभर ते घड्याळ केवळ शोभेचे राहिले. मग मी तिला चकलीचा वळसा बोटाने दाखवला, तेव्हा तिने मान डोलावली, पण याकोबसेन यांचेच, आकडे असलेले ‘स्टेशन’ नावाचे घड्याळ स्वयंपाकघरात लावून घेतल्याखेरीज ती गप्प बसली नाही. सजावटीच्या दृष्टीने हे मला पटले नव्हते. दोन वेगळ्या वळणांची घड्याळे एका घरात शोभत नाहीत, असे मी तेव्हा म्हणालो होतो.

आता ती सकाळी दिवाणखान्यातून जाताना ‘बँकर्स’कडे पाहते, मनाशी वेळ लावते आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी ती पडताळून मगच कुकर लावते. दोन्हींत एका मिनिटाचा फरक आहे. तो मी मुद्दाम दुरुस्त केलेला नाही.

नमस्कार.