विषमाला विषम मिळाले की

नमस्कार श्रोतेहो. व्हॉट्सॲपवर अधूनमधून एक कोडे फिरत असते आणि त्याला ‘फक्त हुशारांसाठी’ अशी पुस्तीही जोडलेली असते. 1, 3, 5, 7, 9, 11, 13 आणि 15 यांतून कोणत्याही तीन संख्या घ्या, हवी तर एकच पुन्हा घ्या आणि बेरीज 30 करून दाखवा. ठाण्याला लोकलमध्ये बसून हे कोडे घेतलेला माणूस सीएसएमटीपर्यंत डोके खाजवत राहिला, तरी दोष त्याच्या बुद्धीचा नाही. कोडे सुटण्यासारखेच नाही. काही जण 9 उलटा धरून त्याचा 6 करतात आणि 6, 11, 13 अशी बेरीज जुळवतात; पण ती कागद फिरवण्याची करामत झाली, गणित नव्हे.

कारण पाहू या. सात चिंचोके दोन-दोनच्या जोड्यांनी जमिनीवर मांडले, तर तीन जोड्या लागतात आणि एक चिंचोका एकटा उरतो. संख्या विषम असणे म्हणजे एवढेच, की जोड्या लावल्यावर नेमका एक उरावा. शेजारी पाच चिंचोके मांडले, तर दोन जोड्या आणि पुन्हा एक एकटा. आता दोन्ही ढीग एकत्र करताना लागलेल्या जोड्या मोडण्याची गरजच नसते. दोन्हीकडचे एकटे शेजारी ठेवले की सहावी जोडी तयार होते आणि मागे काही उरत नाही.

तीन आणि पाच आठ, सात आणि नऊ सोळा, अशी हजार उदाहरणे दिली तरी हजार एकावे उदाहरण फसणार नाही याची हमी त्यातून मिळत नाही. ती हमी जोड्यांच्या युक्तिवादात आहे, कारण ढीग केवढा आहे हे त्यात कुठेच विचारावे लागत नाही.

मात्र ‘विषम संख्यांची बेरीज सम येते’ हे आपण सर्रास म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. खरा निर्णय होतो तो किती विषम संख्या मिळवल्या यावरून. प्रत्येक विषम संख्या आपला एक एकटा घेऊन येते. असे तीन जमले तर दोघांची जोडी लागून तिसरा उरतोच, आणि म्हणून तीन विषमांतून 30 निघणे अशक्य. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात ही दोन्ही विधाने, म्हणजे सम इतक्या विषमांची बेरीज सम आणि विषम इतक्यांची विषम, लागोपाठ सिद्ध केली आहेत.

हाच नियम ठाण्यातील काही रस्त्यांवर सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या पाटीवर भेटतो. आज विषम तारीख असेल, तर विषम इतक्या दिवसांनी सम तारीख येते आणि गाडी समोरच्या बाजूला लावावी लागते. महिना बदलताना मात्र 31 नंतर 32 न येता 1 तारीख येते. म्हणजे 32 मधून 31 ही विषम संख्या वजा होते, समाचे विषम होते आणि गाडी दोन दिवस एकाच बाजूला उभी राहू शकते. 30 दिवसांच्या महिन्याअखेरीस सम संख्या वजा होत असल्यामुळे ही सवलत मिळत नाही. 31 दिवसांच्या सात महिन्यांखेरीज ती मिळते फक्त लीप वर्षातल्या 29 फेब्रुवारीनंतर.