काशीनरेशांचा आड, इंग्लंडमध्ये

श्रोतेहो, नमस्कार. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. आज ज्या गावाविषयी बोलणार आहे, तिथे मुळात पुरेसं पाणी देणारा आडच नव्हता.

गावाचं नाव स्टोक रो. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमधलं, चिल्टर्न टेकड्यांवरचं खेडं. इंग्लंडात आणि पाण्याची टंचाई? हो. पाऊस पडतो, पण खाली खडूसारखा पांढरा, सच्छिद्र दगड. पाणी थेट पोटात जिरतं. माणसं डबकी आणि खड्ड्यांतलं गढूळ पाणी जपून वापरायची.

जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात होते. 1831 साली त्यांनी आझमगडकडच्या एका गावाला विहीर खणून दिली होती. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह त्यांचे स्नेही. गप्पांच्या ओघात रीडसाहेबांनी आपल्या मुलखातली एक हकिगत सांगितली: घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून एका पोराला आईने बदडलं होतं. महाराजांनी ती लक्षात ठेवली. साहेब मायदेशी परतल्यावर ते म्हणाले, तिथल्या विहिरीचा खर्च माझा.

आता आकडा ऐका. खोली 368 फूट, तोंड अवघं चार फूट! तीस मजली इमारत उलटी करून जमिनीत पुरावी, तेवढं हे खोल. सगळं खोदकाम हातांनी, खाली मेणबत्तीपुरता उजेड. त्या अरुंद नळीत कुदळ मारायची तरी कशी, हा विचार करून माझेच खांदे आखडतात.

24 मे 1864 रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. वर आपल्याकडच्या छत्रीसारखा घुमट, लोखंडी खांब, आणि रहाटावर सोनेरी हत्ती. भरलेला पोहरा वर यायला दहाएक मिनिटं लागत. पाणी फुकट. राखणदाराला शेजारी छोटंसं घर आणि चेरीची बाग. फळं विकून खर्च भागवायचा. बागेचं नाव ईश्वरी बाग, अन् तिच्यातलं तळं माशाच्या आकाराचं, कारण मासा हे काशीच्या राजघराण्याचं चिन्ह.

पुढे नळ आले, रहाट थांबला. 1964 साली शताब्दीला एलिझाबेथ राणीचे पती प्रिन्स फिलिप आले, तेव्हा काशीहून आणलेलं गंगाजल या आडात ओतलं गेलं.